ठिबकवाल्याचा मुतखडा

औसा तालुक्यात माझं ठिबकचं दुकान आहे. पुढं नळ्यांची बंडलं, मागं फिल्टर, कोपऱ्यात आम्लाचे निळे कॅन. एकोणीस वर्षं झाली, चोक झालेल्या नळ्या मोकळ्या करून देणं हाच धंदा. बोअरच्या पाण्यातला क्षार थेंब सोडणाऱ्या ड्रिपरच्या तोंडाशी धरतो आणि एक दिवस शेतकऱ्याचा फोन येतो, ‘शेवटच्या झाडाला पाणी येईना.’ मी जागेवरून न उठता सांगतो, आधी नळीच्या टोकाची एंड कॅप काढा आणि फ्लश मारा, पाण्याच्या जोरानं घाण निघू द्या. हे सगळं सांगायचं कारण, मुतखडा झाल्यावर मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटली असेल तर याचीच.

त्या दिवशी दुपारभर एकाच्या चार एकर उसातल्या ठिबकात क्षार काढायला आम्ल सोडत होतो. मे महिना, पारा ४२च्या पुढं. सकाळी भरून घेतलेली बाटली गाडीच्या डिकीत तापून गेली, त्यात चहापत्ती टाकली असती तर चहा झाला असता, म्हणून ते पाणी प्यायलोच नाही. खरा चहा मात्र पाच वेळा झाला. संध्याकाळी लघवीला गेलो तर जेमतेम कपभर, करडीच्या तेलाच्या रंगाची. बघितलं आणि विसरलो.

रात्री अडीचला जाग आली ती उजव्या कुशीतल्या कळेनं. पाठीकडून, शेवटच्या बरगडीच्या खाली, कोणीतरी पाईप पाना लावून आवळतंय अशी कळ. ती तिथंच थांबली असती तर बरं. ती पुढं आली, जांघेत उतरली आणि थेट अंडाशयात — नाही, पुरुषाला जे असतं तिथं — जाऊन बसली. मी अंगणात येरझाऱ्या घातल्या, ओट्यावर बसलो, उठलो, गुडघे टेकून ओणवा झालो. कशानंच बरं वाटेना. कळ पूर्ण जातही नव्हती. दहा मिनिटं ओसरायची, पुन्हा चढायची. माय ओवा घेऊन आली. “पोटशूळ हाय, चावून खा.” ओवा खाल्ला आणि भडाभडा ओकलो.

धाकट्या भावानं गाडीवर बसवून जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पोट दाबलं, उजवी बाजू बघून म्हणले, “अपेंडिक्स असेल, सकाळी लातूरला दाखवा,” आणि ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं. सकाळपर्यंत थांबायची माझ्यात ताकद नव्हती. शेजाऱ्याची जीप काढली. लातूरपर्यंतचे वीस किलोमीटर मी मागच्या सीटवर गुडघ्यांवर बसून काढले.

लातूरच्या दवाखान्यात रात्रपाळीला एक तरुण डॉक्टरीण होत्या. त्यांनी मला नीट तपासलंही नव्हतं, नुसतं दारातून बघितलं. मी कॉटला धरून वाकत होतो, सरळ होत होतो.

“कधीपासून असे नाचताय?”

“अडीचपासून. तिकडं अपेंडिक्स सांगितलंय.”

“अपेंडिक्सचा पेशंट हलत नाही भाऊ. हललं की दुखतं म्हणून गप पडून राहतो. एका जागी टिकत नाही तो मुतखड्याचा.” मग पाठीमागं येऊन शेवटच्या बरगडीखाली मुठीनं हलकेच टोला दिला. माझे डोळे पांढरे झाले. “बघा,” त्या म्हणल्या, “हा पोटातला माल नाही, पाठीमागचा आहे.”

कमरेत इंजेक्शन बसलं आणि वीसेक मिनिटांत मी माणसात आलो. इतकी जोरदार कळ आणि इतकी साधी सुई. मला वाटायचं, खड्याची टोकं टोचतात म्हणून दुखतं. डॉक्टरीणबाई म्हणल्या, टोचण्याचं दुखणं फार थोडं. वरून लघवी येतच राहते, पुढं वाट नाही, मग मागं दाब तयार होतो आणि किडनीचं कवच ताणलं जातं. ते ताणणं दुखतं. सुजेवरचं इंजेक्शन तो दाब उतरवतं. दाबाचं प्रकरण म्हणल्यावर माझे कान टवकारले.

सकाळी सोनोग्राफी. ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ या पाटीखाली सात बाया आणि मी, सगळे पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन लघवी तुंबायची वाट बघत बसलेलो. लघवीची पिशवी भरल्याशिवाय आत घेत नाहीत. माणसाच्या पिशवीत चारशे ते पाचशे मिलीलीटर मावतं, पण दीडशे-दोनशेलाच ती पहिली आठवण करून देते. त्या बाकावर बसून ही आठवण किती वेळा होते ते मी मोजलं.

सोनोग्राफीवाले डॉक्टर हौशी निघाले. थंडगार जेली लावून कुशीत मशीन फिरवता फिरवता बोलत होते. डावी किडनी दाखवली: घेवड्याच्या दाण्यासारखी, साडेदहा सेंटीमीटर. माझ्या मुठीएवढीच म्हणायची, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. उजवी तिच्यापेक्षा जरा खाली बसलेली, कारण वर यकृताचं धूड आहे. उजवीच्या मधोमध काळा तलाव दिसत होता. “हे तुंबलेलं पाणी. किडनीला सूज म्हणतात ती हीच.” खडा काही दिसेना. किडनीतून पिशवीकडं लघवी नेणाऱ्या नळीचा मधला भाग आतड्यातल्या गॅसमागं लपतो, तिथं सोनोग्राफीची नजर पोचत नाही.

मग त्यांनी मशीन ओटीपोटावर ठेवलं आणि एक बटण दाबलं. “आता गंमत बघा.”

पडद्यावर पिशवीचा काळा खड्डा. त्याच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यातून, अचानक लाल रंगाची पिचकारी उडाली. तिरपी, आतल्या बाजूला. विझली. मी श्वास धरून बघत होतो. पाच-सात सेकंदांनी पुन्हा. म्हणजे किडनीतून लघवी खाली ओघळत नाही. ती पिचकारीनं येते, पल्स मारल्यासारखी.

“नळी तिला ढकलते,” डॉक्टर म्हणले. “नळीच्या भिंतीत स्नायू आहेत. वरून लाट सुटते आणि घास गिळल्यासारखी लघवी खाली नेते. तुम्ही डोक्यावर उभे राहिलात तरी पिशवी भरेल.”

“अन् उजवीकडून?”

आम्ही दोघांनी दोन मिनिटं उजवा कोपरा बघितला. डावीकडून पिचकाऱ्या चालूच. उजवा कोपरा काळाच राहिला.

एकोणीस वर्षं नळ्या विकतोय, पण स्वतःहून पाणी ढकलणारी नळी मला माहीत नव्हती. माझी १६ एमएमची नळी मुकाट पडून असते. मोटर बंद, नळी बंद. ही नळी पंचवीस-तीस सेंटीमीटर लांब, तीन-चार मिलिमीटर जाडीची, आणि तिला स्वतःची मोटर आहे. रात्री जी कळ चढायची-उतरायची, त्यात त्या मोटरचाही हात होता. पुढं दगड अडकलाय हे तिला कळत होतं आणि ती बिचारी जोर लावत होती.

मूत्ररोगतज्ज्ञ डॉक्टर कमी बोलणारे. पण मी धंदा सांगितल्यावर त्यांनी कागद ओढला आणि चित्र काढलं. नळीला तीन ठिकाणी अरुंद जागा: किडनीतून निघते तिथं, पायाकडं जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीवरून वळते तिथं आणि पिशवीच्या भिंतीत शिरते तिथं. खडा अडकला तर बहुतेक या तिन्हींपैकी एका जागी. मी म्हणलं, “म्हणजे रिड्युसर, पाईप बारीक करणारा तुकडा.” ते पहिल्यांदाच हसले.

मी विचारलं, किडनी म्हणजे सँड फिल्टरच ना? घाण अडवते, स्वच्छ पाणी पुढं सोडते?

“उलटं आहे,” ते म्हणले, आणि मग पाच मिनिटं जे सांगितलं ते मी अजून गिऱ्हाइकांना सांगतो. एका किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या. त्या रक्तपेशी आणि प्रथिनं तेवढी आत ठेवतात. बाकी पाणी, मीठ, साखर, युरिया, चांगलं-वाईट सगळं रक्ताच्या दाबानं बाहेर ढकलतात. दिवसाला १८० लीटर. अंगात रक्तातलं पाणी तीन लीटर, म्हणजे तेच पाणी दिवसातून साठ वेळा गाळून निघतं. मग त्या गाळण्यांना जोडलेल्या लांबलचक नळ्या त्यातलं कामाचं वेचून परत आत घेतात. दिवाळीच्या आधी बाया घरातलं सगळं सामान अंगणात काढतात आणि लागेल तेवढंच आत नेतात, तसं. १८० लीटरमधलं दीड-दोन लीटर बाहेर उरतं, ती लघवी.

मला एप्रिल २०१६ आठवला. मांजरा धरण कोरडं पडलेलं आणि मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलेलं. पहिल्या गाडीत दहा टाक्या, पाच लाख लीटर. आमच्या जिल्ह्यात एकेक घागर पाण्यावरून भांडणं झालेली मी बघितलीत. आणि आपल्याच कुशीत दोन मुठींएवढं यंत्र १८० लीटरमधलं १७८ परत फिरवतंय, तेही ना मोटरचं बिल ना ग्रामसभा.

पण डॉक्टरांचं पुढचं वाक्य मला लागलं. “तुमची किडनी चांगली आहे म्हणूनच खडा झाला असं समजा. तुम्ही पाणी कमी पिता, ती आणखी वाचवते. पाणी परत घेतलं तरी टाकायचा क्षार तर टाकावाच लागतो. तोच क्षार अर्ध्या लीटरमध्ये टाकला तर बसणारच ना?”

बसणारच. ड्रिपरच्या तोंडाशी क्षार धरतो तोही दुपारी पाणी बंद झाल्यावर, थेंब सुकतो तेव्हा. हे मी रोज लोकांना सांगतो.

खडा छोटा असेल तर आपोआप पडेल म्हणून दहा दिवस थांबायचं ठरलं. नळी सैल पाडणारी गोळी रात्रीची, पाणी भरपूर, आणि लघवी गाळणीतून करायची म्हणजे खडा पडला तर हातात येईल. बायकोनं चहाची जुनी गाळणी दिली आणि ती लाल दोऱ्यानं बांधून न्हाणीतल्या खुंटीला टांगली, चुकून परत स्वयंपाकघरात येऊ नये म्हणून. पाहुणे आले की ती गाळणी बघून काय ते समजायचे आणि सल्ले सुरू व्हायचे. पानफुटीची पानं. सराट्याचा काढा. बिअर. एकानं तर मला शपथेवर सांगितलं की टमाट्याच्या बिया पोटात गेल्या की त्याच पुढं दगड होतात. टमाट्याची बी किडनीत पोचायला तिला आधी आतड्यातून रक्तात शिरावं लागेल, आणि तसं झालं तर मुतखडा ही शेवटची चिंता असेल. माय मात्र रोज हुलग्याचं माडगं करायची. त्यानं खडा पडला नाही, पण वाटीवाटीनं पाणी पोटात गेलं, त्याचा उपयोग झालाच असणार. डॉक्टरही नको म्हणले नाहीत, “मीठ कमी घाला” एवढंच म्हणले.

याच दिवसांत एक गोष्ट कळली. रोज तीन लीटर पाणी पी म्हणून बायको माझ्या मागं लागलेली, आणि ती स्वतः? शेतात खुरपायला गेली की सकाळपासून संध्याकाळपर्यंत तांब्याभर पाण्यावर. मी विचारलं तर म्हणली, “तुमचं बरंय, बांधाआड उभं राहिलं की झालं. आमी कुटं जावं?” दरवर्षी तिला लघवीची जळजळ होते, मी मेडिकलमधून गोळ्या आणून देतो. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटर, पुरुषाचा वीसच्या आसपास. जंतूंना तिच्याकडं पिशवी जवळ पडते. त्यात तासन् तास रोखून धरलेलं. आमच्या भागातून ऊसतोडीला सहा-सहा महिने जाणाऱ्या बायांचं काय होत असेल? शिवाराशिवारात ठिबक पोचलं, बाईला आडोसा पोचला नाही.

नवव्या दिवशी दुकानातच दुसरी कळ आली. आता मला औषध माहीत झालं होतं, म्हणून मेडिकलमधून आणून परस्पर दोन गोळ्या घेतल्या, आदल्या दिवशीही एक घेतलेली. हे डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांचा पारा चढला. दाबाखाली असलेल्या किडनीवर वेदनाशामकांचा मारा करू नये, तिला मिळणारं रक्त कमी होतं. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा कचरा, १.६. माझ्या अंगापिंडाला एकच्या आसपास पाहिजे. “डावी सांभाळून घेतेय म्हणून एवढ्यावर आहे,” ते म्हणले. “ताप आला असता तर मी तुम्हाला घरी जाऊच दिलं नसतं. तुंबलेल्या लघवीत जंतू झाले तर तासांचा खेळ असतो.”

सीटी स्कॅन काढला. खडा सापडला: आठ मिलिमीटर, उजव्या नळीत, बरोबर त्या मधल्या रिड्युसरवर. पाचच्या आतला बहुतेक पडतो. आठचा पडेल का नाही यावर पैज लावण्यासारखी गत. आणि इकडं किडनी थांबायला तयार नव्हती. मला ते माझ्या पद्धतीनं समजलं. फिल्टरच्या पुढचा व्हॉल्व्ह बंद केला की दोन्ही बाजूंचे गेज सारखाच दाब दाखवतात आणि फिल्टरमधून पाणी सरकत नाही. फिल्टर खराब झालेला नसतो, पण काम शून्य. फरक एवढाच की माझा सँड फिल्टर महिनाभर तसा ठेवला तरी काही बिघडत नाही. किडनी तशी आठवडेन्‌आठवडे ठेवली तर तिचं जे जातं ते परत येत नाही.

दुर्बिणीनं खडा फोडायचं ठरलं. औषधांसकट ४६ हजार. त्या वर्षीच्या भावानं साधारण अकरा क्विंटल सोयाबीन.

ऑपरेशनची मला भीती नव्हती, वाट कुठून आहे त्याची होती. कापायचं काही नाही. जिथून लघवी येते तिथूनच आत जायचं. आदल्या रात्री हे कळल्यावर मी भावाला हळूच म्हणलं, कापलेलं परवडलं असतं. पाठीच्या मणक्यात इंजेक्शन दिलं आणि कमरेखालचा भाग माझा राहिला नाही. पाय हलवायचा म्हणलं तर पाय कुणाचा तरी होता. पण डोकं जागं होतं आणि डावीकडं पडदा होता.

पेन्सिलीपेक्षा बारीक दुर्बीण. आधी पिशवी दिसली, गुलाबी, आत लाल रेषांचं जाळं. तळाशी एक चिमुकली फट. तीच ती, जिच्याकडं आम्ही सोनोग्राफीत दोन मिनिटं बघत बसलो होतो. डॉक्टरांनी तिच्यातून आधी तार सरकवली, मग तारेच्या मागं दुर्बीण. आतली नळी सरळ भोक नाही. भिंती एकमेकींना चिकटलेल्या, पाण्याची धार पुढं गेली की उघडतात, मागं मिटतात. एकदा तर ती दुर्बिणीवरच आवळली आणि डॉक्टर थांबले. “लाट आली,” ते म्हणले. लाट जाऊ दिली आणि पुढं सरकले.

मग खडा. काळपट तपकिरी, खडबडीत, गुऱ्हाळातल्या करपलेल्या गुळाच्या खड्यासारखा. मोठा करून दाखवणाऱ्या पडद्यावर तो आडवा पडलेल्या धोंड्याएवढा दिसत होता, आणि भोवतालची भिंत सुजून लाल झालेली. लेझरची तार पुढं आली, तिच्या टोकाला हिरवा ठिपका. टकटक-टकटक आवाज. धोंड्याला आधी खड्डा पडला, मग चीर, मग तुकडे, आणि भुकटी बर्फासारखी उडायला लागली. एका क्षणी खड्याच्या मागून गढूळ पाण्याचा लोंढा आला आणि पडदाच दिसेना. तुंबारा फुटला होता. एंड कॅप काढल्यावर पहिलं पाणी असंच येतं, चिखलाचं. मी टेबलावर पडल्या पडल्या म्हणलं, “फ्लश झालं.” भूल देणारे डॉक्टर माझा बीपी बघायला लागले.

मला वाटलं होतं इथं गोष्ट संपेल. खरा त्रास पुढंच होता, आणि तो आधी कोणी नीट सांगत नाही म्हणून मी सविस्तर लिहितो. सुजलेली नळी मिटून बसू नये म्हणून तिच्यात एक प्लास्टिकची बारीक नळी ठेवून देतात, डीजे स्टेंट. २६ सेंटीमीटरची, दोन्ही टोकांना गोल आकडे, एक किडनीत आणि एक पिशवीत, म्हणजे सरकत नाही. दोन आठवडे ती आत. दिसायला माझ्या दुकानातल्या मायक्रोट्यूबची बहीण.

पहिले तीन दिवस लघवी गुलाबी. ती ठीक. पण दर अर्ध्या तासाला पळावं लागायचं, कारण खालचा आकडा पिशवीच्या सगळ्यात हळव्या जागेवर घासतो आणि पिशवीला वाटतं आपण भरलोय. गेल्यावर चार थेंब. आणि लघवी करताना, नेमकी त्याच वेळी, उजव्या कुशीत वर कळ. खाली धार चालू आणि दुखतंय वर! मी घाबरून फोन केला.

डॉक्टर म्हणले, “तुमच्या भाषेत सांगतो. नळी पिशवीत सरळ शिरत नाही, भिंतीतून तिरपी येते. पिशवी भरली किंवा आवळली की तो तिरपा भाग दाबून बंद होतो. लघवी वर जात नाही.”

“एनआरव्ही! पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह.”

“तेच. स्टेंटनं तो आता उघडा धरलाय. तुम्ही जोर केला की थोडी लघवी उलटी किडनीकडं चढते. बसून करा, जोर करू नका, रोखून धरू नका.”

बोअरच्या मोटरवर एनआरव्ही बसवा म्हणून मी शेतकऱ्यांच्या हातापाया पडतो, नाहीतर मोटर बंद झाली की पाईपातलं खत-आम्ल उलटं बोअरमध्ये उतरतं. शेतकरी म्हणतो बाराशे रुपये कशाला घालू. आणि इथं निसर्गानं एक पैशाचा सुटा भाग न लावता, नुसती नळी तिरपी घालून एनआरव्ही बनवलाय. ना स्प्रिंग, ना वॉशर. त्या पंधरा दिवसांत दर लघवीला मला त्या व्हॉल्व्हची किंमत कळत होती.

स्टेंट काढायला पाच मिनिटं लागली, जेली लावून, जागेपणी. त्याबद्दल एवढंच पुरे.

निघताना डॉक्टरांनी एका डबीत खड्याचे तुकडे दिले. मोठे तपासायला गेले, तांदळाच्या कणीएवढे दोन मी मागून घेतले. माझ्या डोक्यात एक किडा होता. माझं म्हणणं, दोष बोअरच्या पाण्याचा. जो क्षार ड्रिपरला चोक करतो तोच मला चोक करणार; मग आम्लानं तो विरघळत का नाही? दुकानात गेलो, एका जुन्या ड्रिपरमधला पांढरा थर खरवडला आणि दोन बाटलीच्या बुचांत पातळ केलेलं आम्ल घेतलं. ड्रिपरचा थर टाकला तसा सोड्यासारखा फसफसला आणि दोन मिनिटांत गायब. दुसऱ्या बुचात माझी कणी टाकली. काही नाही. एक बुडबुडा नाही. तासाभरानंही कणी तिथंच, तळाशी, काळी.

रिपोर्ट आला: कॅल्शियम ऑक्झलेट. ड्रिपरमधला थर चुन्याचा, कार्बोनेट. त्याचा वायू होतो म्हणून फसफसतो. माझा दगड वेगळ्याच जातीचा, त्यातलं ऑक्झलेट काही अंगातच तयार होतं, काही खाण्यातून येतं: पालक, शेंगदाणे, तीळ. युरिक ॲसिडचे खडे असतात ते औषधानं विरघळवता येतात, तेही आम्लानं नाही तर उलट लघवीचं आम्ल मारून. माझ्या खड्याला पोटातून घ्यायचं कुठलंच औषध विरघळवत नाही. बोअरवर मी इतकी वर्षं ठेवलेला आरोप निम्मा तरी मागं घ्यावा लागला. पाणी जड होतं म्हणून नव्हे, पाणी कमी होतं म्हणून.

आणि मी दूध बंद केलं होतं! कॅल्शियमचा खडा म्हणून. डॉक्टरांनी ते लगेच चालू करायला लावलं. जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरतं आणि शौचावाटे नेतं. ते नसलं तर मोकळं ऑक्झलेट रक्तात शिरतं आणि किडनीकडं येतं. कमी करायचं ते मीठ, कारण मीठ जास्त गेलं की लघवीत कॅल्शियमही जास्त उतरतं. म्हणजे लोणचं, पापड, ठेच्यातलं वरचं मीठ. आणि लिंबू घ्यायचं, त्यातलं सायट्रेट खडा धरू देत नाही. शेंगदाण्याची चटणी पूर्ण बंद करा असं ते म्हणले नाहीत, मीही पुन्हा विचारलं नाही.

शेवटची परीक्षा कॅनची. चोवीस तासांची लघवी एका कॅनमध्ये गोळा करायची. सकाळी सहाची पहिली टाकून द्यायची, तिथून पुढची प्रत्येक कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी सहाचीसुद्धा. मी तो पाच लीटरचा कॅन पिशवीत घालून दुकानात नेला. एका गिऱ्हाइकानं विचारलं, “हे कोणतं नवीन लिक्विड खत?” मी म्हणलं अजून बाजारात आलेलं नाही. मुद्दाम रोजच्यासारखाच वागलो, तेवढंच पाणी, तेवढाच चहा. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या पोरानं कॅन उजेडात धरून रेघ वाचली आणि माझ्याकडं बघितलं. ८५० मिलीलीटर. पाहिजे अडीच लीटर. पिण्याचं नव्हे, लघवीचं. आमच्याकडच्या उन्हात घामाचा हिशेब वेगळा धरून. मीठ जास्त, सायट्रेट कमी. एकदा खडा झालेल्यांतल्या साधारण निम्म्यांना दहा वर्षांत दुसरा होतो, हेही तेव्हाच ऐकवलं.

तेव्हापासून डिकीत बाटली नाही, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पाच लीटरची छागळ हँडलला असते. शेतकरी हसतात. बायकोला दुसरी घेऊन दिली आणि शेतात विहिरीच्या कडेला चार बांबू रोवून शेडनेट गुंडाळलं. शेडनेट दुकानातलंच, तुकडा पडून होता. शेजारच्या शेतातल्या बायाही आता तिथंच येतात.

सव्वा महिन्यानं पुन्हा सोनोग्राफी. तीच पाटी, तोच बाक, तीच वाट बघणं. डॉक्टरांनी उजवी किडनी बघितली, काळा तलाव आटलेला. क्रिएटिनिन १.०. ते मशीन उचलणार तोच मी म्हणलं, “साहेब, ते लाल बटण दाबा की जरा.”

“काय गरज नाही हो, सूज गेलीय.”

“दाबा तर.”

त्यांनी दाबलं. डावीकडून पिचकारी. मग काही नाही. मग पुन्हा डावीकडून. बाहेरून कुणीतरी दार वाजवलं. मी उजव्या कोपऱ्यावरची नजर हलवली नाही. आणि तिथून उडाली, तिरपी, लाल, डावीपेक्षा जरा जोरातच. डॉक्टर म्हणले, झालं समाधान? मी म्हणलं अजून एक बघू. ती यायला अकरा सेकंद लागले, आणि तोपर्यंत माझी पिशवी इतकी तुंबली होती की जेली न पुसताच मी शर्ट धरून बाहेर पळालो.